एक पेला शिल्लक

"चौसष्ट भरले होते," मी म्हणालो. "त्रेसष्ट रिकामे आहेत. हा भरलेला कुणाचा?"

सगुणामावशीनं मान वर केली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत ती फरशीवर बसली होती. पुढ्यात दोन घमेली, एक साबणाच्या पाण्याचं, एक साध्या. प्रभुभोजनाचे अंगठ्याएवढे काचेचे पेले ती एकेक करून बुडवत होती, आणि मी शेजारी वही घेऊन उभा.

"असंल कुणाचा तरी."

"कुणाचा तरी म्हणजे? नाव असेल ना त्याला."

"आरं नाथा, ही काय उसाची गाडी हाय का? भरली किती, रिकामी किती?"

ती उठली. तो भरलेला पेला तिनं दोन्ही हातांत धरला, बाहेर गेली आणि बुचाच्या झाडाच्या बुंध्याशी हळूच ओतला. मग पेला विसळून ते पाणीही तिथंच टाकलं. प्रभूच्या मेजावरचं काही मोरीत जाता कामा नये, हा तिचा नेम.

"मावशी, गेल्या महिन्यातही एक उरला होता."

"मंग झाडाला दोन मिळाले," ती म्हणाली, आणि पुन्हा घमेल्यापाशी बसली.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. साखर कारखान्यात काट्यावर कारकून. बैलगाडी आली की भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, ऊस उतरवून परतली की रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी करायची. गाडीवान बिलंदर. कुणी भरल्या गाडीवर स्वतः बसून राही आणि रिकाम्या गाडीच्या वेळी लघवीला जाई. असे सहा हंगाम काढल्यावर माणूस काय बोलतो ते मी सोडूनच दिलं होतं. येताना किती, जाताना किती, एवढंच बघायचो. खैरगावच्या ख्रिस्ती मंडळीनं मला चिटणीस केलं ते बहुधा याच गुणासाठी. नाव नथानिएल देठे. याच्या ठायी कपट नाही, असं खुद्द प्रभूनं ज्याच्याबद्दल म्हटलं त्याचं हे नाव. आईनं हौसेनं ठेवलं होतं. पुढं मला बघून ती अधूनमधून सुस्कारा टाकायची.

मंडळीचा माझा हिशेब पाठ होता. सभासद एकशे बारा. उपदेशात पेंगणारे एकोणीस, पाळकीणबाई धरून. उशिरा येणारी घरं सात, आणि त्यातली चार चर्चच्या आवारातच राहणारी.

हे छोटे पेले नवेच होते. त्याआधी चांदीचा एकच मोठा प्याला हातोहात फिरायचा. नवे पाळक घुलेसाहेब आले आणि म्हणाले, क्षयाचे पेशंट वाढलेत, एकाचं उष्टं दुसऱ्यानं पिऊ नये. पंचांच्या बैठकीत चौघांनी माना डोलावल्या. एकटे रणनवरे गुरुजी आडवे आले.

"एक प्रभू, एक प्याला," ते म्हणाले. "हे काय सरबताचं दुकान आहे?"

काय ही भक्ती, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

रणनवरे गुरुजी मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे वडील पंच. उंच, ताठ, ओठ झाकून टाकणाऱ्या पांढऱ्या भरघोस मिशा. आम्ही जोडे चर्चच्या पायरीशी काढायचो, ते चर्चच्या कुंपणाच्या फाटकापाशीच काढायचे. मोशेला जळत्या झुडपापाशी जोडे काढायला सांगितलं होतं. आमच्याकडे झुडूप नव्हतं, बुचाचं झाड होतं, पण गुरुजींना तेवढं पुरे होतं. पवित्र शास्त्रावर कुणी चष्मा जरी ठेवला तरी ते उचलून बाजूला ठेवत. कुणी गीत शिट्टीवर वाजवलं की कान धरत. देवाचं नाव छापलेल्या कागदात वाण्यानं शेंगदाणे बांधून दिले, तर दाणे खिशात ओतून कागद घरी नेऊन जाळत. आणि कुणी प्रार्थनेत देवाशी जरा सलगीनं बोललं, तर उपासना संपल्यावर त्याला गाठून म्हणत, "देव आपला मामा नव्हे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून मोजून एकतीस वेळा ऐकलं होतं. बत्तिसाव्या वेळी ते माझ्या बहिणीसाठी होतं.

एस्तेरअक्कानं चार वर्षांपूर्वी भानुदास शेळकेशी लग्न केलं. दाजी कारखान्यात वायरमन, हिंदू. लग्न नोंदणी कचेरीत. पंचांनी अक्काला प्रभुभोजन बंद केलं. ती दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि पेले फिरायला लागले की मुलीला कडेवर घेऊन निमूट बाहेर जायची आणि बुचाच्या झाडाखाली उभी राहायची. चार वर्षं. म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा, त्यातल्या तीन वेळा बाळंतपणामुळं नाही.

त्या जानेवारीत आईचं हृदय दमलं. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार तर तीन-चार महिने. आईला ते न सांगताच कळलं.

"मला काही नको," ती म्हणाली. "एकदा माझ्या शेजारी बसून एस्तेरनं पेला घेतलेला बघू दे. मग मी जाते."

बंदी उठवायला पाचही पंचांचं एकमत लागायचं. चार तयार होते. मी गुरुजींना भेटलो, पाळकसाहेब भेटले, अगदी दाजीही जाऊन हात जोडून आले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नियम माणसाच्या दुखण्याकडे बघून वाकत नसतो. देव आपला मामा नव्हे." दाजी घरी येऊन मला म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. फक्त उघडत नाही."

शिल्लक पेल्याचा आणि याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही नव्हतं. मला फक्त बाकी शून्य करायची होती. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी लवकर गेलो आणि पेल्यांच्या बुडाला कारखान्याच्या जांभळ्या शाईचे ठिपके दिले. पहिल्या बाकाच्या पेल्यांना एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, असं पार मागपर्यंत. भोकं पाडलेली लाकडी ताटं मीच बाकांपुढून फिरवायचो. लोक पेला उचलत, डोळे मिटून पीत आणि ताट परत आलं की त्याच भोकात ठेवत.

उपासनेनंतर भरलेला पेला उलटा न करता वर धरून खालून पाहिला. एक ठिपका. पहिला बाक, म्हणजे पंच. आणि पेला होता ताटाच्या अगदी शेवटच्या भोकात, म्हणजे बाकाच्या टोकाचा माणूस. टोकाला कोण बसतं हे खैरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी त्या मागच्या खोलीत एकटाच हसलो. सहा हंगामांत इतकी सुंदर लबाडी काट्यावर आली नव्हती.

गुरुजी आवारातच दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको फार पूर्वी वारलेली. मी मार्चमधल्या प्रभुभोजनाच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी गेलो. शुक्रवारी तयारीची उपासना असायची. त्या उपासनेत वडील पंच मेजाला बसणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचत.

ओसरीवर बसून ते फाटक्या गीतपुस्तकांना कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालत होते. शेजारी खळीची वाटी.

"सलाम, गुरुजी."

"सलाम. चपला खाली. इथं पुस्तकं आहेत. आई कशी आहे?"

"दिवस मोजते. गुरुजी, एक हिशेब लागत नाही."

"चिटणीसाचा हिशेब चिटणीसानं लावावा."

"जानेवारीत एक पेला शिल्लक, फेब्रुवारीत एक. डिसेंबरातही होता. पहिल्या बाकाचा. शेवटच्या भोकातला."

खळीचं बोट कागदावर थांबलं. मग त्यांनी ते बोट फडक्याला नीट पुसलं, नखाच्या कडेसकट.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"अजून," ते म्हणाले.

"उद्या अक्काचं नाव वाचा, गुरुजी. एवढंच मागणं आहे."

"नाथा, तू काय मागतोस ते तुला कळतं का? ते मेज प्रभूचं आहे. तिथं भीतीनं जायचं असतं. देव आपला…"

"मामा नव्हे. ठाऊक आहे. मग मामाच्या घरचं नको म्हणावं तसा तुमचा पेला का परत जातो? माझी बहीण योग्य नाही म्हणून झाडाखाली उभी राहते. तुम्ही पहिल्या बाकावर बसून नुसतं तोंड पुसता. योग्यतेचं वजन कुठल्या काट्यावर झालं, सांगा तरी!"

मला वाटलं ते उठतील, मारतील. शाळेत त्यांनी मला मारलेलं होतं. त्यांनी अर्धं कव्हर घातलेलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. समोरच्या चर्चच्या कौलांवर पारवे बसले होते, त्यांचा घुमण्याचा आवाज येत होता.

"वाचीन," ते शेवटी म्हणाले. "नाव वाचीन."

तिथं मी उठायला हवं होतं. गाडीचं वजन झालं की तिला काट्यावर उभं ठेवायचं नसतं. पण जिंकलेल्या माणसाला उठवत नाही.

"आणि या खेपेला पेला रिकामा परत आला पाहिजे, गुरुजी. माझी बाकी शून्य आली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मागू नकोस."

"का?"

"मागू नकोस, नाथा." आवाज हेडमास्तरांचा नव्हता.

"मागत नाही," मी म्हणालो. "सांगतोय. नाही तर हिशेब पंचांपुढं ठेवावा लागेल."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी यादी वाचली. वर्णानुक्रमानं वाचायचे. "एलीशा पाडळे" झालं, आणि त्याच आवाजात, न थांबता, "एस्तेर भानुदास शेळके" झालं. नवऱ्याच्या नावासकट. मागं कुणाच्या तरी हातातली किल्ली पडली. अक्कानं पदर तोंडाशी नेला. घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "गुरुजींनी स्वतः वाचलं? त्यांचं मन कसं वळलं रे?"

"प्रार्थनेनं," मी म्हणालो.

रविवारी दाजींनी आणि मी आईला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये नेलं. दाजी बाहेर झाडाखाली, चार वर्षं अक्का उभी राहायची तिथं जाऊन उभे राहिले. अक्का आईच्या शेजारी. मी ताट घेऊन गेलो तेव्हा आईनं आपला पेला घेतलाच नाही, आधी अक्काच्या हाताकडे बघत राहिली. अक्कानं घेतला. प्यायली. आईचे ओठ त्याच वेळी हलले, जशी काही तीच पितेय. मग तिनं आपला घेतला. चार थेंब साडीवर सांडले. "राहू दे," ती पुटपुटली, "साडी धुणार नाही."

असं काही बघितल्यावर माणसानं ताट खाली ठेवून डोळे मिटायला हवे होते. पण पहिला बाक मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

चौघे प्यायले. गुरुजींनी पेला उचलला. तो त्यांच्या मोठ्या हातात दिसेनासा झाला. पेटीवर गीत चाललं होतं, त्याचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मी ताट घेऊन उभा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेला तोंडाशी नेला, मान मागं केली आणि सगळा प्यायले. मग पेला शेवटच्या भोकात ठेवला. त्यांच्या मिशांची टोकं ओली झाली होती. त्यांनी ती पुसली नाहीत.

आशीर्वादानंतर सगळे उठले. ते बसून होते. आम्ही आईला घरी पोचवून आलो तेव्हा बाक रिकामा होता.

मागच्या खोलीत मी मोजणी केली. एकोणसत्तर भरलेले, एकोणसत्तर रिकामे.

"बाकी शून्य!" मी म्हणालो. "मावशी, आज झाडाला उपास."

सगुणामावशी घमेल्यात हात घालून बसली होती. धूत काहीच नव्हती.

"तू काय बोललास त्यांना?"

"कुणाला?"

"नाथा, मला कारकुनी दावू नकोस. त्यांच्या मिशा वल्ल्या झाल्या आज. तेवीस वर्षांत पहिल्यांदा."

मी वही मिटली.

"तुला काय वाटलं, तू शोधलंस? मोठा प्याला फिरायचा तवा समदे मिशावाले पिऊन मिशा पुसायचे. त्यांच्या कधी वल्ल्याच झाल्या न्हाईत. वठाला लावायचे न् फुडं द्यायचे. मी तवापासून बघत आले. सलोमीबाई गेल्या तवापासून."

सलोमीबाई म्हणजे गुरुजींची बायको. मी तेव्हा सहा वर्षांचा, त्या मला आठवतही नव्हत्या.

"बाळंतपणात ताप चढला. मी उशाशी होते. बाई म्हणत्यात, मला प्रभुभोजन द्या, मी आता राहत न्हाई. तवाचे पाळकसाहेब गावोगाव फिरतीवर. आजाऱ्यासाठी प्रार्थना करून ठेवलेली भाकर अन् रसाची बाटली त्या कपाटात." तिनं ओल्या हातानं भिंतीतलं कपाट दाखवलं. "किल्ली गुरुजींच्या खिशात. पण न्यायचं पाळकानं, असा नेम. दोन दिवस बाई मागत होत्या. गुरुजी म्हणायचे, येतील गं, आज येतील, नेम मोडू नये, ते पवित्र आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब सायकलवरनं आले. बाई पहाटंच गेल्या."

ती पेले धुवायला लागली.

"त्या दिवसापासनं ते पीत न्हाईत. बायकोला दिलं न्हाई, ते आपण कसं प्यावं, असं असंल. मला त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. देवाफुडं कुणाचा पेला का भरलेला राहतो, हे मी कशाला मोजू?"

"मग अक्काला एवढा विरोध का केला, मावशी? ज्याला ठाऊक आहे, त्यानं तरी…"

"तू हिशेबातला ना?" ती म्हणाली. "मग कर की. तुझ्या अक्कासाठी नेम वाकतो, मग सलोमीबाईसाठीबी वाकला असता. मग ती बाई कशापायी तशी गेली?"

मी बाहेर आलो. फाटकापाशी गुरुजींचे जोडे तसेच होते. टाचा जुळवून, टोकं वाटेकडे. ते अनवाणीच घरी गेले होते.

जोडे हातात घेऊन मी गेलो. ते ओसरीवर बसले होते. पुस्तकं तशीच, खळी वाळून वाटीला चिकटलेली.

"गुरुजी, जोडे."

"ठेव."

मी ठेवले. बसायला सांगितलं नाही, तरी पायरीवर बसलो.  

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो.

"ठाऊक नव्हतं म्हणून तर मोजत होतास." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मिशांची टोकं वाळून चिकटली होती. "नाथा, तो रस कशाचा करतात?"

"मनुकांचा. सगुणामावशी रात्री भिजवते, सकाळी उकळून गाळते."

"गोड असतो," ते म्हणाले. "मी विसरलो होतो. इतका गोड असतो."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पितळेची किल्ली होती, घासून गुळगुळीत झालेली. बराच वेळ ती तळहातावर धरून बघत राहिले.

"एवढीशी आहे," ते म्हणाले. "ही तू ठेव."

त्यानंतर ते चर्चला आले नाहीत. पंचपद सोडलं. कारण विचारायला पाळकसाहेब दोनदा गेले, चहा पिऊन परत आले. रविवारी घंटा झाली की ते डोक्यावरची टोपी काढून ओसरीवर चर्चकडे तोंड करून बसायचे, उपासना संपेपर्यंत. आई मे महिन्यात गेली. ती साडी आम्ही तिच्या शवपेटीत घातली. दफनाच्या वेळी गुरुजी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे होते, अनवाणी. माती द्यायला मात्र आत आले नाहीत.

जुलैत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात जायला तयार नव्हते. सगुणामावशी जाऊन-येऊन बघत होती. कारखाना बंद होता, मी घरीच. एका दुपारी ती धापा टाकत आली.

"किल्ली घे," ती म्हणाली. "गुरुजी म्हणतात, नाथाला सांग, कपाट उघड अन् घेऊन ये."

"पाळकसाहेब?"

"नगरला परिषदेला गेलेत. उद्या येणार. मी सांगितलं गुरुजींना. तर म्हणाले, पाळकासाठी थांबू नको म्हणावं. दोनदा म्हणाले. चल लवकर."

ती पुढं पळाली. मी चर्चमध्ये गेलो.

ज्या खोलीत मी पेल्यांना शाईचे ठिपके दिले होते, तिथं मला हात धुवावेसे वाटले. धुतले. पुसले. कुलपाला हात लावायच्या आधी परत धुतले. गेल्या खेपेला मी एका माणसाच्या ओठाला बळजबरीनं पेला लावला होता आणि जिंकलो होतो. आता किल्ली सदऱ्याला पुसून मगच कुलपात घातली. ही थट्टा नाही, एवढंच डोक्यात होतं. मेजाचं काही सांडता कामा नये. एक थेंबही नाही. भाकरीचा तुकडा स्वच्छ रुमालात बांधला. बाटलीतून पेल्यात रस ओतला, काठोकाठ. कमी देऊ नये म्हणून.

चपला तिथंच ठेवल्या आणि निघालो.

चर्चपासून गुरुजींचं घर आवारातच, पण आवार मोठं. वाट शाळेला वळसा घालून. पाऊस पडून गेला होता. काळ्या मातीचा चिखल, पाय सरकत होते. पेला दोन्ही हातांत छातीशी धरून मी एकेक पाऊल टाकत होतो. रस काठावर हलायचा, मी थांबायचो. तो स्थिर झाला की पुढचं पाऊल. मी पावलं मोजत होतो. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत दोनशे नव्वद.

तिथं दाजी सायकलवरून येताना भेटले. माझं तोंड बघून उतरले.

"काय झालं?"

"गुरुजींना द्यायचंय. त्यांनी मागितलंय."

"मग बसा मागं. सोडतो."

"नको, दाजी. सांडेल."

"अहो, थोडं सांडलं तर सांडलं. माणूस वाट बघत असेल ना."

"नाही. सांडता कामा नये."

 दाजी सायकल हातात धरून माझ्या मागून चालत आले. माझ्याच चालीनं.

चारशे सदुसष्ट पावलं झाली तेव्हा ओसरी आली. सगुणामावशी दारात उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला.

"सांडलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"एक थेंब तरी?"

"नाही, मावशी. काठोकाठ आहे."

तिनं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे.

"आत्ताच," ती म्हणाली. "खिडकीतनं दिसत होतास तू. शाळेपासनं. गुरुजी बघत होते तुझ्याकडं. म्हणाले, पळत का येत न्हाई?"

दाजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि ते आत गेले. मी दारातच उभा राहिलो, पेला तसाच धरून.

चाळीस वर्षं झाली. मंडळीची वही अजून माझ्याकडेच आहे. त्या महिन्याच्या पानावर लिहिलेलं आहे: भरला एक, शिल्लक एक. संध्याकाळी तो मी झाडाला घातला. चोख हिशेब आहे, कुणीही बघावा. अर्धाच भरला असता तर पळता आलं असतं.